वेळापत्रकावरचा गीझर मध्येच चालू-बंद करताना या चुका टाळा

पहाटे साडेपाचला चालू आणि सहाला बंद, एवढे काम स्मार्ट स्विचवर सोपवले की गीझरची कटकट मिटली असे वाटते. अडचण येते ती वेळापत्रकाबाहेर गरम पाणी लागते तेव्हा. रात्रीच्या गाडीने पाहुणे येतात, कोणाची कामाची पहिली पाळी लागते, नरक चतुर्दशीला अख्ख्या घराच्या आंघोळी उजाडण्याआधी उरकायच्या असतात. अशा वेळी फोनवरून गीझर चालू करणे अगदी सोपे असते. पण तो कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून बंद होणार, हे बहुतेक घरांत कोणीच ठरवलेले नसते. पुढचे बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

एकाच स्विचला दोन धनी

सर्वांत जास्त आढळणारी मांडणी दोन ऑटोमेशनची (आपोआप चालणाऱ्या सूचनांची) असते: एक ५:३० ला ‘चालू’ म्हणते आणि दुसरे ६:०० ला ‘बंद’. आता समजा, कोणी ५:५० ला ॲपमधून गीझर आणखी अर्धा तास राहू दे म्हणून ‘चालू’ दाबले, तरी दहा मिनिटांनी वेळापत्रकाचा ‘बंद’ येतो आणि बादलीत कोमट पाणी पडते. उलट प्रकारही घडतो. घरातले सगळे गावी निघाले म्हणून रात्रीच कोणी स्विच ‘बंद’ केला, पण तो आधीच बंद असल्यामुळे त्या दाबण्याला काही अर्थ उरत नाही आणि पहाटे गीझर रिकाम्या घरात नेमाने तापतो. दोन्हीचे कारण एकच आहे. ऑटोमेशन ठरावीक क्षणी फक्त हुकूम सोडते. गीझर कशासाठी चालू आहे, हे त्याला ठाऊक नसते.

यावर उपाय असा की माणसांनी आणि वेळापत्रकाने थेट रिलेला, म्हणजे गीझरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचला, हात लावायचाच नाही. होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणे एकत्र चालवणारे सॉफ्टवेअर) वापरत असाल तर तीन हेल्पर, म्हणजे त्यातले मदतनीस घटक, तयार करा: नेहमीच्या वेळांसाठी शेड्यूल, ‘जादा पाणी’ नावाचा टायमर आणि ‘उद्या नको’ नावाचा टॉगल. या तिघांपैकी काहीही बदलले की एकच ऑटोमेशन जागे होते आणि एकच नियम तपासते: जादा पाण्याचा टायमर सुरू असेल, किंवा शेड्यूल चालू असून ‘उद्या नको’ लावलेले नसेल, तर गीझर चालू, अन्यथा बंद. ‘उद्या नको’ने फक्त वेळापत्रक अडवावे, माणसाने मुद्दाम मागितलेले पाणी अडवू नये, एवढे भान नियम लिहिताना ठेवावे. तसेच कोणी ‘बंद’ म्हटले तर टायमरही रद्द झाला पाहिजे.

इथे एक बारीक खोच आहे. ‘उद्या नको’ हा टॉगल आपोआप पूर्ववत व्हावा म्हणून बरेच जण त्याला मध्यरात्रीची वेळ देतात. मग रात्री अकराला लावलेला टॉगल तासाभरात पुसला जातो आणि पहाटे गीझर पुन्हा चालू होतो. ही वेळ दुपारी बाराची ठेवावी. व्हॉइस असिस्टंटलाही रिले दाखवू नये, फक्त टायमर सुरू करणारी स्क्रिप्ट दाखवावी. नाहीतर आजीने बोलून चालू केलेला गीझर नियमाला बगल देऊन चालतो आणि तो बंद करण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

‘तीस मिनिटे थांब’ यावर विसंबणे

ऑटोमेशनमध्ये ‘चालू कर, तीस मिनिटे थांब, बंद कर’ असे लिहिणे सुटसुटीत दिसते, पण त्या तीस मिनिटांत होम असिस्टंट अपडेटसाठी किंवा वीज गेल्यामुळे पुन्हा सुरू झाले तर ते थांबणे विसरले जाते आणि ‘बंद’ची पाळी येतच नाही. टायमर हेल्परमध्ये रिस्टोअरचा पर्याय चालू केला तर उरलेला वेळ टिकतो. शिवाय ऑटोमेशनचा मोड मुळात ‘सिंगल’ असतो. पहिली धाव संपण्याआधी दुसऱ्यांदा बटण दाबले तर ते मुकाट्याने दुर्लक्षिले जाते. टायमर मात्र पुन्हा सुरू करता येतो, आणि घरच्यांची अपेक्षाही तीच असते.

याउपर शेवटचा पहारा मॉड्यूलमध्येच, म्हणजे रिले असलेल्या स्मार्ट स्विचमध्येच, असावा, म्हणजे वाय-फाय बंद पडले तरी गीझर बंद होईल. टास्मोटा या मॉड्यूलवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम ‘पल्सटाइम’ ही सेटिंग करते. तिच्यात ११२ पासून पुढच्या आकड्यांतून शंभर वजा केले की सेकंद मिळतात, म्हणून एका तासासाठी ३६०० नव्हे, ३७०० लिहावे लागते. इतर मॉड्यूलच्या ॲपमध्ये ही सोय ‘ऑटो ऑफ’ किंवा ‘इंचिंग’ अशा नावाने असते. ही मर्यादा तुमच्या सर्वांत लांब वेळेपेक्षा थोडी जास्त ठेवा. थर्मोस्टॅट असताना याची गरज काय, असा प्रश्न येतो. थर्मोस्टॅट पाणी उकळू देत नाही हे खरे. पण तो टाकी तासन्‌तास तापलेली ठेवतो आणि निसटणाऱ्या उष्णतेचे बिल तुम्ही भरता. थर्मोस्टॅटच चिकटला तर पुढे केवळ कटआउट (पाणी फार तापले की वीज तोडणारा) आणि प्रेशर व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) उरतात, आणि त्यांची परीक्षा रोज घेऊ नये.

वीज जाऊन आल्यावर

दुपारी अडीचला वीज येते आणि गीझर आपोआप चालू होतो, अशी तक्रार असेल तर मॉड्यूल ‘शेवटची स्थिती’ परत आणत आहे. ती सेटिंग बदलून वीज आल्यावर बंदच राहील अशी करा. त्यानंतर मॉड्यूल पुन्हा नेटवर्कवर आले, किंवा होम असिस्टंट सुरू झाले, की वरचा नियम पुन्हा तपासला जाईल असे दोन ट्रिगर (ऑटोमेशनला जागे करणाऱ्या घटना) जोडा. केवळ वेळेवर चालणारे ट्रिगर चुकले की चुकले. वीज ५:४० ला आली तर ५:३० चा हुकूम मागाहून येत नाही. स्थिती पाहणारा नियम मात्र उरलेली वीस मिनिटे वापरतो.

वेळापत्रक मॉड्यूलमध्येच ठेवले असेल तर त्याचे घड्याळ तपासा. अशा बहुतेक मॉड्यूलमध्ये बॅटरीवरचे घड्याळ नसते. इंटरनेट येईपर्यंत त्यांना वेळ कळत नाही. टाइम झोन भारतीय वेळेवर आणला नसेल आणि घड्याळ जागतिक वेळेवर असेल, तर ५:३० चा गीझर सकाळी ११ ला चालू होतो. वेळेतला फरक नेमका साडेपाच तासांचा निघाला तर दुसरीकडे शोधायची गरज नाही.

फोनवर चालू, नळाला गार

रिले चालू असणे आणि पाणी तापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीज मोजणारे मॉड्यूल असेल तर आधी वॅट पाहा. २००० वॅटच्या गीझरवर त्या आसपासचा आकडा दिसत असेल तर पाणी तापवणारी कॉइल काम करत आहे आणि थोडी वाट पाहायला हवी: २५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे एक युनिट वीज आणि अर्धा तास लागतो, १५ लिटरला साधारण अठरा मिनिटे. आकडा आधी चढून नंतर शून्याजवळ आला तर थर्मोस्टॅटने वीज तोडली, म्हणजे पाणी तयार आहे. तिथेच टायमर संपवला तर वीज वाचते. आकडा मुळात चढलाच नाही तर मात्र दोन शक्यता राहतात: टाकी आधीच गरम आहे, किंवा कटआउट उडाला अथवा कॉइल गेली आहे. नळ सोडून पाहिले की निकाल लागतो. टच पॅनेलच्या गीझरमध्ये आणखी एक कारण संभवते. काही मॉडेल वीज आल्यावर स्टँडबायमध्ये थांबतात आणि पॅनेल दाबल्याशिवाय तापतच नाहीत. त्यांना बाहेरच्या रिलेने चालवण्याचा हट्ट सोडावा.

फोनवर ‘उपलब्ध नाही’ दिसत असेल तर बहुधा बाथरूमबाहेरचा जुना स्विच कोणीतरी बंद केला आहे. आंघोळीला जाताना गीझर बंद करण्याची घरोघरची सवय सुरक्षिततेच्या दृष्टीने चांगली आहे, ती मोडायला जाऊ नये. तो स्विच मॉड्यूलच्या आधी जोडलेला असेल तर मॉड्यूलच मरते. त्याऐवजी मॉड्यूलच्या स्विच-इनपुटला एक वेगळे बटण जोडून घ्यावे आणि ते दाबले की ‘जादा पाणी’ टायमर सुरू किंवा रद्द व्हावा. जुना दोन्ही तारा तोडणारा स्विच आयसोलेटर म्हणून जागेवरच ठेवावा, कारण रिले सहसा फक्त फेज तोडतो आणि दुरुस्तीसाठी तेवढे पुरेसे नसते.

जोडणीत काटकसर

२००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो आणि ३००० वॅटचा १३. त्यामुळे सहा अँपिअरच्या सॉकेटचा प्रश्नच नाही आणि दहा अँपिअरचा स्मार्ट प्लगही इथे नको. सोळा अँपिअर लिहिलेला लहान रिलेही बंद डबीत रोज अर्धा तास जवळजवळ पूर्ण भार वाहून तापतो, आणि त्याचे संपर्क चिकटले तर ॲपमध्ये ‘बंद’ दिसत असताना गीझर चालूच राहतो. रिले बंद असूनही वॅट दिसत असतील तर तत्काळ सूचना येईल असे ऑटोमेशन करणे म्हणूनच आवश्यक आहे. ३००० वॅटसाठी मॉड्यूलने फक्त २५ अँपिअरच्या काँटॅक्टरची (मोठा भार पेलणाऱ्या विद्युत स्विचची) कॉइल चालवावी, आणि काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, अर्थिंग व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) तपासून करून घ्यावे.

प्लंबरने टाकी रिकामी केली असेल, किंवा घर बरेच दिवस बंद असेल, तर लांबून गीझर चालू करू नये. आधी घरी पोहोचावे, गरम पाण्याचा नळ सोडून सलग धार येते का ते पाहावे आणि मगच ‘जादा पाणी’ दाबावे.