बाजाराच्या आदल्या संध्याकाळी एक फोटो

शेतकरी बाजारात माल विकणाऱ्या ओळखीच्या कुणाला सोशल मीडियावर मदत करायची असेल, तर पहिल्याच दिवशी नवं पेज काढायला बसू नका. व्हॉट्सअ‍ॅप बहुतेकांच्या फोनमध्ये असतंच. तिथूनच सुरुवात करा.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, काढणी झाली की लगेच, मालाचा एक फोटो. उजेड असतानाच, सावलीत, फ्लॅश न वापरता काढलेला. फोटोखाली चारच गोष्टी: उद्या काय काय आहे, काय थोडंच आहे, किती वाजेपर्यंत थांबणार आणि बाजारात नेमकं कुठे बसणार. जागा सांगताना ‘गेटमधून आत आल्यावर डावीकडे तिसरा’ इतकं नेमकं लिहा. नाहीतर गिऱ्हाईक दोन चकरा मारून तसंच परत जातं.

स्टेटस 24 तासांनी नाहीसं होतं, म्हणून बाजाराच्या सकाळी ते दिसत असेल अशा बेताने टाका. ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकाच वेळी अनेकांना निरोप पाठवायची व्हॉट्सअ‍ॅपमधली यादी, त्याहून उपयोगी, कारण एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा, थेट त्याच्या चॅटमध्ये जातो. पण ज्यांनी विक्रेत्याचा नंबर सेव्ह केलेला आहे, त्यांनाच तो पोहोचतो! सगळी मेहनत इथेच वाया जाते. म्हणून टोपलीशेजारी ठळक अक्षरांत नंबराची पाटी हवी, आणि सुटे पैसे परत देताना ‘नंबर सेव्ह करा, उद्याचा माल कळवतो’ असं तोंडीही सांगायला हवं. ज्यांची हरकत नाही त्यांचीच नावं यादीत घ्या.

माल संपला की तेही लगेच कळवा, म्हणजे लांबून येणाऱ्याची खेप वाचते.