नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठात शिकताना

नाशिक येथे 1989 मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद असले, तरी घरबसल्या एकट्याने अभ्यास करणे वाटते तितके सोपे नसते. म्हणून प्रवेश घेतानाच अभ्यासकेंद्राची निवड विचारपूर्वक करावी. ही केंद्रे बहुधा स्थानिक महाविद्यालयांतच असतात. त्यांपैकी नाव मोठे असलेल्यापेक्षा कामावरून सहज पोहोचता येईल असे केंद्र निवडावे.

संपर्कसत्रे, म्हणजे केंद्रावर भरणारे मार्गदर्शनाचे वर्ग, सहसा सुट्टीच्या दिवशी होतात व ती चुकवण्याचा मोह होतोच; परंतु गृहिणी, कामगार, निवृत्त कर्मचारी असे निरनिराळ्या वयांचे सहाध्यायी तिथेच भेटतात. पहिल्याच सत्रात त्यांपैकी चार-पाच जणांचा गट करून स्वयंअध्ययन पुस्तकांतील घटक आपसांत वाटून घ्यावेत, आणि प्रत्येकाने आपला घटक इतरांना समजावून सांगावा, कारण शिकवताना आपले न समजलेले नेमके उघडे पडते. बऱ्याच वर्षांनी लेखणी धरणाऱ्याने वेळ लावून उत्तरे लिहिण्याचा सरावही करावा. विषय कळूनही हात चालत नाही, ही तक्रार फार जुनी आहे. प्रवेश, शुल्क व परीक्षा अर्जाच्या मुदती मात्र गटातील एकानेच न पाहता प्रत्येकाने स्वतः तपासाव्यात.