दमसास वाढत नाही? नव्याने धावणाऱ्यांनी या चुका टाळा

पहिल्या तीन-चार मिनिटांतच धाप लागते, तोंड कोरडं पडतं, पाय जड होतात आणि माणूस थांबून गुडघ्यांवर हात टेकतो. मग ठरवून टाकतो की आपल्यात स्टॅमिनाच नाही. नव्याने धावणाऱ्या किती जणांकडून मी हे ऐकलंय! पण त्यांच्या शेजारून दोन मिनिटं धावलं की लगेच कळतं, गडी त्याच्या आजच्या दमाला झेपेल त्यापेक्षा कितीतरी जोरात पळतोय. शाळेतली शंभर मीटरची शर्यत अंगात इतकी भिनलेली असते की धावायचं म्हणजे जीव तोडूनच, असं आपण धरून चालतो.

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबते. एका ठरावीक वेगापर्यंत स्नायूंना लागणारा ऑक्सिजन हृदय आणि फुप्फुसं पुरवू शकतात. त्यापुढे गेलात की ऑक्सिजनशिवाय ऊर्जा काढण्याचा वाटा वाढतो, श्वास चढतो आणि थोड्याच वेळात थांबावं लागतं. दमसास वाढतो तो मुख्यतः त्या वेगाच्या खाली, निवांत धावण्यात साठलेल्या मिनिटांमुळे. त्या मिनिटांत हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत नव्या केशवाहिन्या तयार होतात, पेशींमधल्या मायटोकाँड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे बारीक भाग, वाढतात. पाच मिनिटं जिवाच्या आकांताने पळून घरी आलात तर शरीराला हे शिकायला वेळच मिळत नाही.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियर्ड यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. त्यांचा शिष्य पीटर स्नेल ८०० मीटरचा धावपटू. शर्यत सुमारे पावणेदोन मिनिटांची, पण तयारीच्या काळात लिडियर्ड त्याच्याकडून आठवड्याला १६० किलोमीटरच्या आसपास धावून घ्यायचे. १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये स्नेलने सुवर्णपदक जिंकलं. आपल्याला १६० किलोमीटरशी काही देणंघेणं नाही. घ्यायचं ते एवढंच की वेगाच्या शर्यतीसाठीही पाया लांब पल्ल्याच्या धावण्याने घातला गेला.

योग्य वेग ओळखायला यंत्र लागत नाही. धावताना एक पूर्ण, लांबलचक वाक्य मोठ्याने बोलून बघा. मध्येच श्वास तुटला तर वेग कमी करा. शेजारून चालणारा माणूस तुम्हाला मागे टाकतोय असं वाटलं तरी करा.

आणि इतकं हळू धावूनही धाप लागत असेल तर मध्ये चाला. इथे दुसरी चूक होते: लोक पार दमल्यावर चालतात. चालणं आधीपासून ठरलेलं हवं. एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं आठ-दहा वेळा. एक मिनिट संपलं की अंगात जोर असला तरी चालायचंच. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये १० हजार मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांनी धावण्या-चालण्याची हीच पद्धत लोकप्रिय केली, आणि ती वापरून लोक मॅरेथॉनही पूर्ण करतात. त्यामुळे चालण्यात कमीपणा मानू नका. हे सोपं वाटू लागलं की धावणं अर्ध्या-एका मिनिटाने वाढवा.

दम आला, हाडं मागे राहिली

चौथ्या ते आठव्या आठवड्याचा काळ मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. रक्तातल्या द्रवाचं प्रमाण पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढू लागतं, श्वास सुधारतो, धावणं आवडायला लागतं. पण स्नायूबंध आणि हाडं मजबूत व्हायला महिने लागतात. मी स्वतः सहाव्या आठवड्यात हुरूप येऊन अंतर एकदम दुप्पट केलं होतं. नडग्या अशा धरल्या की पुढचे तीन आठवडे नुसतं चालण्यात गेले. तेव्हा कुणी सांगायला हवं होतं, म्हणून आज कळकळीने सांगतेय: श्वास मोकळा झाला याचा अर्थ पायही तयार झाले असा होत नाही.

अंतर आणि वेग एकाच वेळी वाढवू नका. तीन आठवडे थोडं थोडं वाढवलं की चौथा आठवडा हलका ठेवा. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेलं दुखणं सहसा विश्रांतीने आणि अंतर कमी केल्याने बसतं. पण हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, रात्री किंवा बसल्या जागीही ठणकत असेल, तर धावणं बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो.

पावलांकडेही लक्ष द्या. लांब ढांग टाकून टाच शरीराच्या बरीच पुढे आपटली की दर पावलाला ब्रेक लागल्यासारखं होतं आणि गुडघ्यावर भार येतो. पावलं छोटी, जरा भरभर टाका.

घड्याळात दिसणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांच्या आकड्यांनी बरेच जण घाबरतात. २२० वजा वय हा कमाल ठोक्यांचा निव्वळ अंदाज असतो. एखाद्याच्या बाबतीत तो दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतो. शिवाय मनगटावरचा सेन्सर कधी कधी ठोक्यांऐवजी पावलांचीच लय मोजतो. उन्हात, दमट हवेत किंवा अपुऱ्या झोपेनंतर त्याच वेगाला ठोके जास्त पडतात, तेव्हा कालचा वेग आज धरून बसू नका.

बरगडीखाली कळ आली तर वेग कमी करून सावकाश, पूर्ण श्वास सोडा. भरपेट जेवणानंतर दोन तास तरी धावू नका.

रविवारी एकदम दहा किलोमीटर आणि मग आठवडाभर काहीच नाही, याने दम वाढत नाही, पाय मात्र दुखावतात. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, सुरुवातीला पुरे.

दोन-तीन महिने हे सगळं नीट करूनही जिना चढताना धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. पाळी येणाऱ्या बायकांनी तर नक्कीच. छातीत दुखणं किंवा धावताना डोळ्यांपुढे अंधारी येणं याला स्टॅमिनाची कमतरता समजू नका. तिथेच थांबा आणि तपासणी करून घ्या.

गप्पा मारत सलग ३० मिनिटं धावता येऊ लागलं की मगच वेगाचा विचार करा. आठवड्यातून एकदा, निवांत धावण्याच्या शेवटी, पंधरा-वीस सेकंदांच्या चार जोरकस धावा घ्या आणि प्रत्येकीनंतर श्वास पूर्ण खाली बसेपर्यंत चाला.