मासे आणण्यापूर्वी: २०० लिटरच्या घरगुती अ‍ॅक्वापोनिक्सची तयारी

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी पंपाने खडीच्या वाफ्यात फिरवून त्यावर झाडं वाढवणं. यात माशांच्या दुकानात सगळ्यात शेवटी जायचं. त्याआधी टाकी, खडी, पंप आणि जिवाणू, आणि यातला खरा वेळ जिवाणूंचा. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना घातक, तिसरं झाडांचं खत. हे जिवाणू खडीवर वस्ती करेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. तेवढे दिवस माशांच्या ऐवजी आपणच मोजून अमोनिया घालायचा, याला टाकी ‘सायकल’ करणं म्हणतात. खालचे आकडे एकूण २०० लिटर पाणी आणि १०० लिटर खडीच्या वाफ्यासाठी आहेत.

जागा ठरवताना आधी वजन मोजा. पाणी २०० किलो, खडी साधारण १५० किलो, वर स्टँड आणि टाकी. घराच्या बाल्कनीचा स्लॅब सहसा चौरस मीटरला ३०० किलोच्या हिशेबाने धरलेला असतो, तेव्हा हे सगळं कठड्याला टेकवून एका कोपऱ्यात उभं करू नका. अंगण उत्तम. गच्ची असेल तर तुळईच्या वर, तेही इंजिनिअरला विचारून. निळं पिंप घेणार असाल तर त्यात आधी काय भरलेलं होतं ते विचारून घ्या; उत्तर नीट मिळालं नाही तर ते पिंप नको. तांबं, पितळ आणि जीआय पाइप पाण्याला कुठेही लागता कामा नयेत.

वाफ्यासाठी काळ्या दगडाची अर्धा ते पाऊण इंची खडी घ्या. आपल्याकडचा हा बेसॉल्ट पाण्याचा सामू (पीएच) हलवत नाही. पांढऱ्या किंवा करड्या खडीवर आधी व्हिनेगर टाकून बघा, फेस आला तर त्यात चुना आहे. धुण्याचा मात्र कंटाळा करू नका. क्रशरची भुकटी पंपात आणि निचऱ्याच्या पाइपात जाऊन बसते, म्हणून घमेल्यात थोडी थोडी घेऊन पाणी नितळ पडेपर्यंत धुवा.

वाफा ३० सेंटिमीटर खोल ठेवा आणि पाण्याची वरची पातळी खडीच्या दोन-तीन सेंटिमीटर खालीच राहील असा निचऱ्याचा पाइप कापा. वरची खडी कोरडी राहिली की शेवाळ धरत नाही. पंप ताशी हजार लिटरचा चालेल. डब्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, पाणी मीटरभर चढवताना प्रत्यक्षात बरंच कमी मिळतं. टायमरवर पंधरा मिनिटं चालू, पंचेचाळीस बंद. हवेचा पंप मात्र चोवीस तास चालू हवा, कारण हे जिवाणू प्राणवायूवर जगतात. वीज जात असेल तर तो इन्व्हर्टरवर टाका. खडी न भरता दोन दिवस नुसतं पाणी फिरवून गळती बघून घ्या; १५० किलो खडी उपसून जोड घट्ट करणं ही शिक्षाच आहे.

टाकीवर काळं कापड आणि त्याखाली मच्छरजाळी, दोन्ही पहिल्या दिवसापासून. उन्हाने शेवाळ माजतं. आणि मासे नसलेली स्वच्छ पाण्याची टाकी म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रण. पालिकेच्या तपासणीत अळ्या सापडल्या तर नोटीस येते. जाळी दोरीने आवळून बांधा, पाइप आत जातो तिथली फटही बंद करा. पाण्यावर रॉकेल किंवा तेल टाकण्याचा उपाय इथे चालत नाही.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंनाही मारतं. भरलेलं पाणी हवेचा पंप लावून चोवीस तास ठेवा, किंवा अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातलं हायपो (क्लोरीन मारणारं औषध) वापरा. भरताना बादल्या मोजा, पुढचे सगळे डोस त्या आकड्यावर आहेत.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही, ती क्षारतेची, म्हणजे पाण्याच्या आम्ल झेलायच्या ताकदीची. मुंबई-पुण्याकडचं धरणाचं पाणी मऊ असतं, आणि अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातली क्षारता खर्च होते. ती संपली की सामू घसरतो, ६.५ च्या खाली जिवाणूंचं काम मंदावतं आणि ६ च्या आसपास जवळजवळ थांबतं. सायकल अडकल्याची बहुतेक रडगाणी इथलीच. आरओचं पाणी तर नकोच. बोअरचं पाणी जड असेल तर ही चिंता बरीच कमी.

आता अमोनिया. युरिया शेतातून सहज मिळतो म्हणून तोच घालायचा मोह होतो, पण २०१५ पासून आपल्याकडचा शेतीचा युरिया कडुनिंब-लेपित असतो. तो लेप नत्र जमिनीत टिकावं म्हणून नेमक्या याच जिवाणूंना रोखण्यासाठी दिलेला आहे. शिवाय युरियाचा अमोनिया व्हायला काही दिवस लागतात, टेस्टमध्ये काही दिसत नाही म्हणून माणूस आणखी घालतो आणि मग सगळं एकदम अंगावर येतं. फरशी पुसायच्या अमोनियात साबण आणि सुगंध असू शकतो. बाटली हलवल्यावर फेस टिकला तर ती परत ठेवा. सडवलेल्या माशांच्या खाद्याने काम होतं, पण मात्रा कळत नाही आणि वास सुटतो.

सोपं म्हणजे अमोनियम क्लोराइड, अर्थात कल्हईवाल्यांचा नवसागर. बाजारातल्या खड्यांत भेसळ असू शकते, म्हणून लॅबचं सामान विकणाऱ्याकडून शुद्ध पूड घ्या. (किराणा दुकानात मागितलाच तर सोबत काळा गूळ मागू नका, दुकानदाराला वाटेल हातभट्टी लावताय.) २५ ग्रॅम पूड पाण्यात विरघळवून बरोबर एक लिटर द्रावण करा आणि बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. त्यातले ५० मिलि म्हणजे २०० लिटर पाण्यात सुमारे २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) अमोनिया. असा प्रत्येक डोस पचताना जी क्षारता खर्च होते, ती साधारण ४ ग्रॅम खाण्याच्या सोड्याने भरून निघते. झाडांसाठी सोड्यातलं सोडियम बरं नाही, पोटॅशियम बायकार्बोनेट मिळालं तर पावणेपाच ग्रॅम घाला. सामू ७ ते ८ मध्ये राहिला की पुरे.

टेस्ट किट थेंबांचं घ्या, पट्ट्यांवर विसंबू नका. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, सामू हे चार हवेत. नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीत गाळ बसतो, ती अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर आकडा खोटा कमी येतो.

पहिल्या दिवशी एक डोस द्या. चालू अ‍ॅक्वेरियमच्या फिल्टरमधला स्पंज पिळून मिळाला तर तो गढूळ रस वाफ्यात ओता, आठवडा-दोन आठवडे वाचतात. मग थांबा. सुरुवातीला बरेच दिवस आकडा हलतच नाही. वैतागून जास्त घालू नका, ५ पीपीएमच्या वर गेलं की जिवाणूच दबतात. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत पाणी गार असतं, तेव्हा आणखी वेळ धरा. अमोनिया अर्ध्याच्या खाली आला की पुन्हा डोस.

यानंतर नायट्राइट चढतं. २ पीपीएम अमोनियाचं ५ पीपीएमहून थोडं जास्त नायट्राइट होतं, म्हणजे दुसऱ्या डोसलाच रंगतक्ता संपतो आणि नळी नुसती जांभळी दिसत राहते. एक भाग नमुन्यात नऊ भाग आरओचं पाणी मिसळून तपासा आणि आलेला आकडा दहाने गुणा. या टप्प्यात डोस निम्मा करा. जास्त नायट्राइट असताना किट नायट्रेटही फुगवून दाखवतं, त्याने हुरळून जाऊ नका. सामू ठीक असूनही आठवडाभर नायट्राइट ढिम्म राहिलं, तर फॉस्फरसची कमतरता असू शकते. चिमूटभर माशांचं खाद्य चुरून टाका.

५० मिलि घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, असं सलग तीन दिवस आलं की टाकी तयार. पंधरा डोसांत नायट्रेट शंभराच्या पुढे गेलेलं असतं. पुदिना, पालक, अळू आता लावा. अर्धं पाणी बदला, नवं पाणी क्लोरीन काढूनच. मासे येईपर्यंत डोस चालू ठेवा, शेवटचा आदल्या दिवशी. बंद केलात तर जिवाणू उपाशी राहून घटतात.

सुरुवातीला बोटाएवढे आठ-दहा गोल्डफिश किंवा कोईची पिल्लं पुरेत. कोई मोठे झाल्यावर दुसरीकडे हलवावे लागतील. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवून टाकीचं पाणी थोडं थोडं आत घाला. पहिला आठवडा खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि टेस्ट रोज.