पिझोचा हायड्रोफोन गुणगुणतोय? गेन वाढवण्याआधी या चुका टाळा

हायड्रोफोन म्हणजे पाण्याखालचा माइक; माझा बझरमधल्या पिझो चकतीचा आहे, जी कंपनांचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करते. ठाण्याच्या तलावपाळीला पहिल्यांदा पिझो पाण्यात सोडला, तेव्हा हेडफोनमध्ये पाण्याचं काहीच नव्हतं. होती फक्त घरगुती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण. गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, दहापट केला, तर गुणगुणही दहापट! क्षीण आवाज हरवतो तो बहुतेक वेळा ॲम्प्लिफायरच्या आधीच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चकती थेट लॅपटॉपच्या किंवा मिक्सरच्या लाइन-इनला जोडणं. बझरमधली २७ मिलिमीटरची चकती म्हणजे साधारण २० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर. समोर लाइन-इनचा १० किलोओहमचा रोध आला की ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं जातं, म्हणजे बोटीच्या इंजिनाची घरघर गेलीच. १ मेगाओहम ठेवला तर ही सीमा ८ हर्ट्झवर येते. त्यासाठी टीएल०७२सारखा एफईटी इनपुटचा (म्हणजे सिग्नलवर जवळजवळ भार न टाकणारा) ओपॅम्प, म्हणजे ॲम्प्लिफायरची चिप, आणि ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या पुरतात; हाच तुमचा प्रीॲम्प. पण म्हणून थेट १० मेगाओहम लावू नका. मग लाटांचे हेलकावेच ॲम्प्लिफायर भरून टाकतात. पहिल्या टप्प्यात गेन १० ते २० खूप झाला.

पितळेची बाजू शील्डला, म्हणजे केबलच्या बाहेरच्या जाळीला, मधला चंदेरी भाग आतल्या तारेला. उलट जोडलंत तर पितळ अँटेनाचं काम करतं. चंदेरी भागावर डाग झटकन द्या, जास्त तापला की पिझोचा जोरच जातो. लॅपटॉपचा चार्जरही काढून ठेवा.

इपॉक्सीबाबत मी फार आळशी होतो. आत बुडबुडा राहिला तर आवाज तिथूनच परत फिरतो, आणि फट राहिली तर पाणी शिरून तुमचा १ मेगाओहम काही किलोओहमवर येतो. चकती रात्रभर मिठाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा आणि सकाळी प्रीॲम्पपासून सोडवून मल्टिमीटर लावा. आकडा मेगाओहमच्या खाली दिसला तर इपॉक्सी पुन्हा. पाण्यात सोडण्याआधी भांड्याच्या साबणाचा थेंब चोळा, म्हणजे बाहेरून बुडबुडे चिकटत नाहीत.

केबल कठड्याला घासली तरी खरखर येते. ती ढिली ठेवून बांधा.

वाशीच्या खाडीत फोडणीतल्या मोहरीसारखी तडतड ऐकू आली, तर लगेच डाग उकलायला बसू नका. उथळ, कोमट, खाऱ्या पाण्यात नांगी फटकारणाऱ्या कोळंबीचा आवाज अगदी तसाच असतो. चकती नळाच्या पाण्याच्या बादलीत घाला. तडतड थांबली, तर तुमचं सर्किट ठीक आहे.