चार्ट नव्या ओळी घेत नव्हता, तो असा सुधारला

एक्सेलच्या शीटमध्ये १३व्या ओळीखाली नवे महिने भरले, पण चार्ट १३व्या ओळीवरच थांबलेला. चार्टची रेंज, म्हणजे कुठल्या सेलपासून कुठल्या सेलपर्यंतचा डेटा घ्यायचा ते, ठरलेली असते. खाली लगत भरलेला डेटा तो आपणहून घेतोच असं नाही.

चार्टवर राईट क्लिक करून ‘सिलेक्ट डेटा’ उघडलं, सिरीज (चार्टमधल्या एका रेषेचे आकडे) निवडून ‘एडिट’ केलं. इथे एक गोष्ट फार छळते. रेंजच्या चौकटीत कर्सर मागे न्यायला बाणाची कळ दाबली, की कर्सर हलत नाही, उलट भलत्याच सेलचा पत्ता तिथे घुसतो. आधी एफ२ दाबायचं, मग बाण नीट चालतात. हे कळल्यावर निम्मं काम सोपं झालं. रेंजच्या शेवटच्या ओळीचा आकडा १३ खोडून १९ केला, कारण नवे महिने १९व्या ओळीपर्यंत होते.

रेषा लांबली, पण खाली नव्या महिन्यांची नावं नाहीत! कारण आकड्यांची रेंज वेगळी आणि आडव्या अक्षावरच्या नावांची वेगळी. उजवीकडच्या यादीवरचं ‘एडिट’ दाबून तीही १९पर्यंत नेली.

आता मला फॉर्म्युला बारचा रस्ता जास्त आवडतो. चार्टमधल्या रेषेवर क्लिक केलं की वर सिरीजचा फॉर्म्युला दिसतो: आधी नाव, मग अक्षावरची नावं, मग आकडे, शेवटी क्रम. दोन्ही रेंज शेजारीशेजारी असल्याने एक राहून जात नाही.

दर महिन्याला भर पडणार असेल तर डेटा निवडून कंट्रोल आणि टी दाबा, त्याचं टेबल करा. टेबलाला लागून ओळ भरली की चार्टही वाढतो.