बॉल पायथनचा टँक तापवताना या चुका टाळा

पाळलेला बॉल पायथन (आफ्रिकेतला बिनविषारी अजगर) खात नाही, कात तुकड्यातुकड्यांनी निघते, दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून असतो. अशी तक्रार आली की मी आधी एकच विचारतो: थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारं यंत्र) लावलाय का? टँकखाली ठेवायच्या, विजेवर तापणाऱ्या चटईबद्दल बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘हीट मॅट फार तापत नाही, हात लावून बघितलंय.’

हाताला उघडी मॅट कोमटच लागते. तीच काचेखाली गेली, वर कोकोपीट आणि त्यावर सापाचं वेटोळं आलं की उष्णता कोंडते आणि काच तापत जाते. खालून चटका बसत असला तरी साप चटकन बाजूला होईलच असं नाही. पोटाचे खवले लालसर-तपकिरी झाले किंवा फोड दिसले, तर घरगुती मलमं लावत बसू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठा.

थर्मोस्टॅट आणूनही त्याचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवला तर उपयोग शून्य. मॅट हवा फारशी तापवत नाही, त्यामुळे सेन्सर ‘अजून गार आहे’ म्हणत राहतो आणि मॅट बंदच होत नाही. सेन्सर बाहेरून, मॅट आणि काच यांच्यामध्ये बसवा. टँकच्या आत चिकटपट्टी मुळीच नको. साप तिला चिकटला की कातडी सोलून निघते.

मॅट तळाच्या साधारण एक तृतीयांश भागाखालीच हवी. उबदार बाजू ३१-३२ अंश, गार बाजू २५-२७, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास. मोजायला काचेवर चिकटवायच्या गोल डायलवर विसंबू नका, दोन डिजिटल थर्मामीटर घ्या. लपायची जागाही दोन्हीकडे द्या. एकच असली तर भेदरलेला साप उकाडा सोसेल, पण उघड्यावर येणार नाही. हॉट रॉक (आतून विजेने तापणारा कृत्रिम दगड) घेऊच नका. बल्ब किंवा सिरॅमिक हीटर (उजेड न देता तापणारा) आत असेल तर त्याला जाळी हवीच.

आपल्याकडे उलटी अडचणही येते. मे महिन्यात नागपूरकडे खोलीच चाळिशीला टेकते. थर्मोस्टॅट हीटर बंद करेल, गारवा कुठून आणेल? टँक घरातल्या सर्वांत थंड खोलीत हलवा, पण कुलरचा झोत थेट त्यावर नको. पुण्यातल्या जानेवारीच्या रात्री मात्र नुसत्या मॅटने भागत नाही, सिरॅमिक हीटर लागतो.

हे सगळं परदेशी बॉल पायथनबद्दल, आणि त्याचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. नाग, धामण, आपला अजगर पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

थंडीत वीज गेली आणि टँक गार पडला, तर त्या दिवशी खायला घालू नका. उबेशिवाय उंदीर पचत नाही, साप तो ओकून टाकतो. टँक पुन्हा नीट तापला, साप नेहमीसारखा फिरायला लागला, की मगच द्या.